रांगेत पुढे कोण?

स्विचमध्ये माहितीची पाकिटे रांगेत उभी राहतात. वाट मोकळी असेल तर कोणालाच थांबावे लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो गर्दी झाली की: आधी कोणाला सोडायचे?

1981 साली इंटरनेटच्या पाकिटाची रचना ठरली, तेव्हा अग्रक्रमासाठी 3 बिट राखून ठेवले गेले. 3 बिट म्हणजे 2×2×2, अर्थात 8 पायऱ्या.

1986 मध्ये अमेरिकेत एनएसएफनेट हे संशोधकांचे जाळे सुरू झाले. त्याच्या तारांतून सेकंदाला जेमतेम 56 हजार बिट जात. लवकरच ते तुंबले. दूरच्या संगणकावर काम करणाऱ्याला टंकलेले अक्षर पडद्यावर उमटण्याची वाट पाहावी लागे, कारण मोठमोठ्या फायली मध्ये येत. तेव्हा डेव्हिड मिल्स यांनी टंकलेल्या अक्षरांची छोटी पाकिटे आधी सोडण्याची सोय केली. फाईल थोडी उशिरा पोचली तर बिघडत नव्हते. मात्र या सोयीचा गाजावाजा केला नाही. खूण पाठवणाऱ्यालाच करता येते. हे कळते, तर प्रत्येकाने आपले पाकीट ‘तातडीचे’ ठरवले असते!

1998 मध्ये स्विचसाठीही 8 पायऱ्यांची खूण प्रमाणित झाली. पण पेच तोच राहिला. म्हणून स्विचची मांडणी करताना आधी ठरवावे लागते, की कोणत्या पोर्टवरून आलेल्या खुणेवर विश्वास ठेवायचा. टेलिफोनची खूण मानतात. इतरांची पुसून 0 करता येते.

अग्रक्रमाने तारेची क्षमता वाढत नाही. एक पुढे गेला की दुसरा मागे राहतो. विद्यार्थ्यांना विचारून पाहा: सर्वांनीच 7 लिहिले तर?