परसबागेतले जुने ट्रॅक्टर



ट्रॅक्टर म्हटला की पुरुषभर उंचीच्या चाकांचे, उसाची ट्रॉली ओढणारे धूड आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज मी त्याच्या धाकट्या भावंडाची हकीकत सांगणार आहे. हे भावंड कमरेइतके उंच, ७ ते १२ अश्वशक्तीचे. अमेरिकेत त्याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात; आपण परसबागेतला ट्रॅक्टर म्हणू. नांगर जोडला की तो भाजीचा वाफा नांगरतो, पाती जोडली की गवत कापतो, आणि थंडीत पुढे फळी लावली की दारातले बर्फ बाजूला लोटतो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची अशी यंत्रे भंगारातून उचलून आणायची, महिनोन्‌महिने खपून ती पुन्हा चालती करायची, हा तिकडे अनेकांचा छंद आहे. आता कोणी म्हणेल, छंद तो छंद. त्यात इतिहासाच्या माणसाने लक्ष घालण्यासारखे काय आहे? आहे. जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा इतिहासातला मोठा अवघड प्रश्न. त्यावर ही मंडळी हातात पान्हा घेऊन वाद घालतात. तो वाद समजण्यासाठी आधी या यंत्राची कुळकथा ऐकली पाहिजे.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात डनबार नावाचे गाव आहे. तिथे बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली नावाचे गृहस्थ राहत. धंदा छायाचित्रे काढण्याचा, पण घरच्या बागेत हाताने ढकलायचा नांगर ओढून ते कंटाळले. त्यांनी एका जुन्या मोटरसायकलचे भाग घेतले आणि त्या नांगराला जोडून एक चालते यंत्र तयार केले. चाक एकच, मागे धरायला दोन मुठी. मोटरसायकल होती ‘इंडियन’ या नावाची. नाव आपल्या देशाचे वाटले तरी कंपनी अमेरिकेतलीच, बरं का! १९१६ साली ग्रेव्हलींना या मोटार-नांगराचे पेटंट मिळाले आणि १९२२ साली त्यांच्या यंत्रांची कंपनी उभी राहिली.

दुसरी हकीकत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची. त्या काळात अमेरिकेत शेतीची नवी यंत्रे मिळणे कठीण झाले होते. मग शेतकऱ्यांनी काय केले? फोर्डच्या जुन्या मोटारी घेतल्या, वरची टपे उतरवली, सांगाडे कापून आखूड केले, मागे वजन लादले आणि त्यांनाच ट्रॅक्टर करून शेतात घातले. असल्या घरगुती ट्रॅक्टरांना लोक गमतीने ‘डूडलबग’ म्हणत. युद्ध संपले आणि १९४६ साली इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड शहरात एल्मर पाँड यांनी आपल्या घरच्या गॅरेजमध्ये बागेचे छोटे ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली. पुढे त्यांचा मुलगा सेसिल याने तो धंदा वाढवला. ‘व्हील हॉर्स’ या नावाचे लाल ट्रॅक्टर ते हेच.

या दोन्ही हकीकतींतली एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्राचा जन्म झाला तो एका वस्तूचे भाग दुसऱ्या वस्तूला जोडून. मूळ वस्तूत फेरफार करणे हे या ट्रॅक्टराच्या कुळातच आहे. पुढे वाद येईल तेव्हा याची आठवण लागेल.

युद्धानंतर अमेरिकेतली शहरे पसरली. शहराबाहेर अर्ध्या-पाऊण एकराच्या तुकड्यांवर घरे उठली. घरापुढे हिरवळ, मागे भाजीपाला. एवढ्या जागेला मोठा ट्रॅक्टर फार, आणि हाताचे अवजार अपुरे. ही गरज ओळखून बडे कारखानदार मैदानात उतरले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ च्या हंगामासाठी ‘कब कॅडेट’ काढला. त्याला ७ अश्वशक्तीचे कोहलर इंजिन होते. १९६३ साली जॉन डिअर कंपनीने ‘११०’ हा नमुना बाजारात आणला. तो विस्कॉन्सिन राज्यातल्या होरिकॉन इथे तयार होई.

ही यंत्रे इतकी वर्षे टिकली कशी? कारणे साधी आहेत. इंजिन बिडाचे, एकाच सिलिंडरचे. सांगाडा जाड पोलादाचा. गिअर दणकट; कब कॅडेटच्या गिअरपेटीत तर त्याच कंपनीच्या शेतीच्या छोट्या ट्रॅक्टराचेच दाते वापरलेले. शिवाय कब कॅडेट, व्हील हॉर्स आणि जॉन डिअर हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण तिघांच्याही पुष्कळ नमुन्यांत इंजिन कोहलरचेच! त्यामुळे एकाचे भाग दुसऱ्याला उपयोगी पडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सारी जोडणी नटबोल्टांची. जे माणसाने खोलता येईल असे बांधले, ते माणसाला दुरुस्तही करता आले.

पुढे काळ फिरला. हलकी, स्वस्त यंत्रे निघाली. त्यांत नांगर ओढण्याची ताकद नव्हती, पण गवत कापायला ती पुरेशी होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८१ साली कब कॅडेटचा विभाग दुसऱ्या कंपनीला विकला. १९८६ साली व्हील हॉर्स टोरो कंपनीकडे गेली. जुने ट्रॅक्टर कोठारांच्या कोपऱ्यांत गंजत पडले, आणि तिथूनच हौशी लोकांनी ते बाहेर काढले.

आता हे काम चालते कसे, ते पाहू. पहिला नियम असा की पान्हा लावण्याआधी कागद-पेन्सिल घ्यायची. यंत्रावरचा क्रमांक उतरून घ्यायचा, चहूबाजूंनी छायाचित्रे काढायची, आणि काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात ठेवायचा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसलेला असतो. तो हातोड्याने ठोकायचा नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून तेल सोडायचे आणि दिवसेंदिवस वाट पाहायची. दट्ट्या सुटल्यावर सिलिंडर मोजायचा. झिजला असेल तर इंचाच्या हजाराव्या भागाचे १०, २० किंवा ३० भाग इतका वाढवून त्यात त्या मापाचा नवा दट्ट्या बसवायचा. म्हणजे बनवणाऱ्यांनीच तीन दुरुस्त्यांची जागा आधी राखून ठेवलेली होती!

गंज काढण्याची त्यांची एक रीत आपल्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना आवडेल. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवतात. बॅटरी भारित करण्याच्या यंत्राचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक टाकाऊ लोखंडी पत्र्याला जोडतात. वीज सोडली की काही तासांत गंज सुटू लागतो आणि खालचे चांगले लोखंड शाबूत राहते. मात्र हे काम उघड्यावर करायचे आणि विस्तव दूर ठेवायचा, कारण पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचे नाही. त्यातले क्रोमियम पाण्यात उतरून पाणी विषारी होते. आणि टाकीत हात घालण्याआधी वीज बंद करायची, हे सांगायला नकोच.

इथवर सगळ्यांचे एकमत. इथून पुढे दोन पंथ होतात.

पहिला पंथ म्हणतो, कारखान्यातून निघाला त्या दिवशी यंत्र जसे होते तसे ते करायचे. तोच रंग, तोच बोल्ट, तीच अक्षरे. दुसरा पंथ म्हणतो, यंत्र कामासाठी आहे. त्याला जास्त ताकदीचे इंजिन घाला, रुंद चाके लावा, पुढे मातीचा खोरा बसवा. या पंथातले काही लोक वजन ओढण्याच्या शर्यतीत उतरतात. आपल्याकडच्या शंकरपटाची हौस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही ईर्ष्या वेगळी समजावून सांगायला नको. पण त्यात जिवाची जोखीम आहे. ही इंजिने मिनिटाला सुमारे ३६०० फेऱ्यांपर्यंतच चालवायची म्हणून केलेली. वेग आवरणारा नियामक काढला आणि फेऱ्या फार वाढल्या, की बिडाचे गतिचक्र फुटून त्याच्या ठिकऱ्या उडू शकतात. म्हणून जोरदार फेरफार केलेल्या यंत्रांना पोलादी गतिचक्र आणि भोवती संरक्षक कवच लावतात.

मग खरा इतिहास जपणारे कोण? चटकन कोणीही म्हणेल, पहिला पंथ. पण एक उदाहरण पाहा. १९६९ साली जॉन डिअर कंपनीने एक प्रयोग केला. आपला नेहमीचा हिरवा रंग सोडून अंग पांढरे ठेवले आणि बॉनेट व आसन लाल, निळे, नारिंगी किंवा पिवळे, असे गिऱ्हाइकाच्या पसंतीने दिले. लोकांना ते रुचले नाही. न खपलेले काही ट्रॅक्टर विक्रेत्यांनीच हिरवे करून टाकले, असे सांगतात. आता असा एखादा ट्रॅक्टर हाती आला तर काय करायचे? हिरवा रंग खरवडून पांढरा द्यावा, तर कारखान्याचा इतिहास परत येतो आणि बाजाराचा इतिहास पुसला जातो. हिरवा ठेवावा, तर उलट. दोन्ही खरेच आहेत! तसेच एखाद्या शेतकऱ्याने तीस वर्षांपूर्वी मोडलेल्या दांड्याला ओबडधोबड डाग दिला असेल, तर तो डाग म्हणजे दोष की दस्तऐवज?

माझे मत असे आहे. फेरफार हा गुन्हा नव्हे. ग्रेव्हलींनी ती मोटरसायकल जशीच्या तशी जपली असती तर हा ट्रॅक्टर जन्मालाच आला नसता. परंतु फेरफार असा करावा की पुढच्या माणसाला तो उलटवता येईल. कापण्यापेक्षा बोल्टने जोडावे. काढलेला भाग फेकू नये. आणि काय केले, का केले, ते लिहून ठेवावे. रंग उडाला तर पुन्हा देता येतो. पण त्याखाली काय होते हे कोणी लिहिले नसेल, तर ते कायमचे गेले.

हे सारे दूरदेशीचे, म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर बनवला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी ते मुंबईत यांत्रिक रेखाटन शिकवणारे शिक्षक होते. म्हणजे नांगराची विद्या आणि शाळेची विद्या या आपल्याकडेही एका घरात नांदल्या आहेत.

गावोगावी जुने लोखंडी नांगर, मोटेची चाके, पहिली डिझेल इंजिने अजून कुठे कुठे पडून आहेत. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो आणि दुसऱ्या वर्षी त्यांतलेच एखादे किलोवर विकून टाकतो. सगळेच ठेवा असे मी म्हणत नाही. घरात जागा हवी, पैसाही हवा. पण विकण्यापूर्वी गुरुजींनी चार मुले घेऊन जावे. अवजार मोजावे, त्याचे चित्र काढावे, त्यावर काही अक्षरे असतील ती उतरून घ्यावीत. ते कधी घेतले, कुठे मोडले, कोणत्या लोहाराने सांधले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि शाळेच्या वहीत लिहावे. लोखंड भंगारात गेले तरी वही राहील. आणि ज्यांना ते दुरुस्त करता येते ते हात अजून गावात आहेत, तोवर त्या हातांकडून चार मुलांनी पान्हा धरायला शिकून घ्यावे.