डोंगर उपसणारा म्हातारा : चिनी म्हणींतला निर्धार



आपल्या विहारात चीनचे नाव निघते ते प्रवासी भिक्खूंमुळे. पण त्या देशातली साधी माणसे निर्धाराबद्दल काय म्हणतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आम्ही काही चिनी शिकलेलो नाही. गिरणीची पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे गोळा केले, तेवढेच येथे मांडतो.

चिनी म्हणींपैकी पुष्कळ फक्त चार अक्षरांच्या असतात आणि त्या चार अक्षरांमागे एक गोष्ट दडलेली असते. गोष्ट ठाऊक नसेल तर म्हण कळायचीच नाही. निर्धारासाठी त्यांचे जे अक्षर आहे, त्याच्या तळाशी 'मन' हे अक्षर बसवलेले आहे. हे आम्हाला फार आवडले.

सगळ्यांत गाजलेली म्हण 'यू गोंग यी शान', म्हणजे खुळ्या म्हाताऱ्याने डोंगर हलवले. 'लिएत्झु' या जुन्या ग्रंथात ही गोष्ट आहे. नव्वदीला टेकलेला एक म्हातारा. त्याच्या दारासमोर ताइहांग आणि वांगवू असे दोन डोंगर आडवे, कुठे जायचे तर मोठा वळसा. त्याने घरच्यांना बसवून सांगितले, हे खणून काढू. बायकोने रोकडा सवाल केला, माती टाकणार कुठे? ठरले, समुद्राकाठी टाकायची. एक खेप टाकून परत येईपर्यंत ऋतू पालटायचा! शेजारच्या विधवेचा पोरगा, दुधाचे दात पडायच्या वयाचा, तोही उड्या मारत मदतीला आला. नदीकाठचा एक 'शहाणा' म्हातारा हसला. त्यावर खुळा म्हणाला, मी मेलो तर मुलगा आहे, पुढे नातू आहे, आमची माणसे वाढत जाणार. डोंगर तर वाढत नाही ना?

गोष्टीच्या शेवटी स्वर्गातला देव प्रसन्न होतो आणि दोन बलवान पाठवून डोंगर उचलून नेतो. हा शेवट आम्हाला मानवत नाही. नातवंडांनी खणले असते की! माओला बहुधा तसेच वाटले असावे. ११ जून १९४५ रोजी पक्षाच्या सातव्या अधिवेशनाचा समारोप करताना त्याने हीच गोष्ट सांगितली. साम्राज्यशाही आणि सरंजामशाही हे दोन डोंगर, आणि देव म्हणजे दुसरे कोणी नसून चिनी जनता, असा त्याने अर्थ लावला. त्याच्या आधी १९४० मध्ये चित्रकार श्यू पेइहोंग यांनी या गोष्टीवर प्रचंड चित्र काढले, तेही आपल्या भारतात असताना. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून ते शांतिनिकेतनला आले होते. चित्रातल्या खणणाऱ्यांत भारतीय चेहरे आहेत.

इथपर्यंत सगळे छान. पण पुढचेही सांगितले पाहिजे. १९५८ मध्ये चीनमध्ये 'मोठी झेप' सुरू झाली. माणसाची छाती जेवढी मोठी तेवढे पीक जमीन देते, अशा अर्थाची घोषणा निघाली. वरिष्ठांना खूश करायला पिकाचे खोटे आकडे गेले, त्या आकड्यांवर धान्य वसूल झाले आणि शेतकऱ्याच्या घरात दाणा उरला नाही. त्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. बघा, निर्धाराची म्हण राबणाऱ्याच्या तोंडून निघून हुकूम देणाऱ्याच्या तोंडी गेली की काय होते! आम्हा गिरणीवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. खात्याच्या भिंतीवर कष्टाची सुभाषिते रंगवलेली असायची, आणि त्यांच्याच खाली दोन साच्यांचे चार साचे व्हायचे.

म्हणून आम्हाला चिनी माणसाच्या दुसऱ्या म्हणी तेवढ्याच मोलाच्या वाटतात. जबरदस्तीने पिळून तोडलेले कलिंगड गोड लागत नाही. बैल पाणी पीत नसेल तर त्याचे डोके दाबून काय उपयोग? या म्हणी राजीखुशीच्या आहेत. च्यांग ताइगोंग नावाचा म्हातारा सरळ गळाने मासे धरायला बसायचा. म्हण अशी, की ज्याची मर्जी असेल तोच गळाला लागेल. विधवेचे पोर डोंगर खणायला आले ते कुणी बोलावले म्हणून नव्हे.

लोखंडी मुसळ घासून सुई करणाऱ्या म्हातारीची म्हणही प्रसिद्ध आहे. कवी ली पो याने लहानपणी तिला पाहिले असे सांगतात. यूए देशाच्या राजाचीही आहे. हरल्यावर तो रोज पित्त चाटून अपमान आठवायचा, आणि इ. स. पू. ४७३ मध्ये त्याने वू राज्य बुडवले. पण तो राजाचा सूड झाला. आम्हाला त्याचे फारसे कौतुक नाही.

याच मातीतला माणूस म्हणजे ह्युएनत्संग. देशाबाहेर जायला बंदी असताना तो निघाला. भारताला पोचल्याशिवाय पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही, अशी त्याने प्रतिज्ञा केली होती. वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल सांडली. तो मागे वळला, काही कोस चाललाही. मग प्रतिज्ञा आठवली आणि पुन्हा पश्चिमेकडे तोंड केले. चार रात्री, पाच दिवस पाण्याचा थेंब नाही! त्याला कुणी पाठवले नव्हते. सुमारे ६४१ मध्ये, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, तो आपल्या महाराष्ट्रातही आला. ६४५ मध्ये परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. ६६४ मध्ये मरण येईपर्यंत त्याने त्यांतल्या ७५ ग्रंथांचे भाषांतर पुरे केले. बाकीचे राहिले.