मावळच्या कन्या आणि यंत्रविद्या

मावळ म्हटले की लोहगड-विसापूरचे कडे व शिवकालीन मावळे डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु विज्ञान व यंत्रविद्या यांचाही या तालुक्यास जुना वारसा आहे. लोकांच्या पै-पैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगावी निघाला व तेथे काचकामाचे शिक्षण मिळू लागले. लोणावळ्याच्या आसपास अडविलेले पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण झाली व ती मुंबईच्या गिरण्यांस पोचली. १९४५ साली लोणावळ्यास नौदलाची ‘शिवाजी’ ही अभियांत्रिकी शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. मात्र वैद्यकीय सेवेखेरीज अन्य शाखांत स्त्री-अधिकारी घेण्यास नौदलाने आरंभ केला तो १९९२ साली. विद्या अंगणात आली, तरी कन्यांस तिचे दार दीर्घकाळ बंदच राहिले.

हे दार आपोआप उघडलेले नाही. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील कमलाबाई सोहोनी, यांनी १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा केवळ त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नकार दिला. त्यांनी हट्ट सोडला नाही. अखेर एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर त्यांस घेण्यात आले व त्यांच्या कामाने त्या संस्थेचे दार इतर स्त्रियांसही उघडले. १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. पुढे १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटा यांस पोस्टकार्ड धाडले, आणि पुण्याच्या कारखान्यात त्यांची नेमणूक झाली.

तथापि दार उघडणे निराळे आणि आत टिकून राहणे निराळे. हे मर्म महर्षी कर्व्यांनी फार पूर्वी ओळखले होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा केवळ वर्ग भरविले नाहीत. निवास, भोजन व समदुःखी सोबतिणी यांची जोड शिक्षणास दिली. पुढे हिंगण्यास वाढलेल्या त्याच संस्थेने १९९१ साली तेथेच, आताच्या कर्वेनगरात, मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले.

आज कायदा व शासन अनुकूल आहेत. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून पवन मावळातील वा आंदर मावळातील वाडी पुण्याच्या जवळ येत नाही. प्रयोगशाळेतील काम सायंकाळी संपते. पुढे लोकल, मग एस. टी., मग अंधारातील पायवाट. वर्गात चाळीस मुलगे व दोन-तीन मुली असल्या, तर शंका विचारण्यासही संकोच होतो. एखादा विषय राहिला की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. बुद्धी कमी म्हणून नव्हे, आधार कमी म्हणून शिक्षण अर्धवट सुटते.

येथेच ज्ञातिसंस्थेचे कर्तव्य उभे राहते. दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आपण करतो. ते अवश्य करावेत. परंतु पदविकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धडपडणाऱ्या कन्येस वसतिगृहाचा खर्च वा प्रवासाचा पास देणे हे त्याहून मोलाचे होय. ज्ञातीतील ज्या भगिनी आज अभियंत्या आहेत, त्यांनी प्रत्येकी एका विद्यार्थिनीची पाठराखण करावी, आणि पालकांनी शेवटची परीक्षा होईपर्यंत विवाहाचा विषय काढू नये, अशी आमची विनंती आहे. कर्व्यांनी आश्रम उभारला, तेव्हा त्यांच्यापाशी शासनाचे साह्य नव्हते. आपणांपाशी ते आहे. उरलेली जोड आपली आपणच द्यावयाची आहे.