जर्मन पूर्वजांच्या गावाचा शोध

जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबाची वंशावळ जुळवताना खरी अडचण मूळ गावापाशी येते. कारण १८५० पासून अमेरिकी जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव नोंदले जाऊ लागले, तरी जन्मस्थान म्हणून बहुधा ‘प्रशिया’ किंवा ‘बव्हेरिया’ एवढेच आढळते. जर्मनीत मात्र १८७६ मध्ये साम्राज्यभर नागरी नोंदणी, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद, सुरू होण्यापूर्वी हे तपशील मुख्यतः स्थानिक चर्चच्या वहीतच असल्याने गावाचे नाव अपरिहार्य ठरते. हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्यांत ते सहसा सापडते. ब्रेमेनच्या याद्या बहुतांशी नष्ट झाल्या, ही न भरून येणारी हानी होय. म्हणून अभ्यासकाने आधी अमेरिकेतील चर्चच्या नोंदी, नागरिकत्वाचे अर्ज आणि थडग्यांवरील लेख बारकाईने तपासावेत.