खानदेशातील बालकांमधील कोविड-१९

कोविड-१९ हा सार्स-कोव्ह-२ या विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य आजार आहे. बालकांमध्ये तो बहुधा सौम्य असतो. मात्र कुपोषण, रुग्णालयापासूनचे अंतर आणि प्राणवायूची अपुरी सोय असलेल्या भागांत त्याचा धोका वाढतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात तापी खोऱ्यातील सधन शेतीचा पट्टा आणि सातपुड्यातील दुर्गम आदिवासी पाडे शेजारीशेजारी आहेत.

पार्श्वभूमी

यावल तालुक्यातील फैजपूर हे केळीच्या पट्ट्यातील नगरपालिकेचे गाव असून महसुली उपविभागाचे मुख्यालय आहे. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल व पावरा समाजांच्या वस्त्या आहेत. अशा वस्तीतील आजारी बालक प्रथम आशा कार्यकर्ती व उपकेंद्र, नंतर प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा टप्प्यांनी उपचारापर्यंत पोहोचते. धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे प्रदेशातील दुसरे मोठे शासकीय केंद्र होय.

संसर्गाचे प्रमाण

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ७० जिल्ह्यांत केलेल्या रक्तद्रव सर्वेक्षणात जळगाव जिल्ह्याचा समावेश होता. जून-जुलै २०२१ मधील चौथ्या फेरीत देशपातळीवर ६ ते ९ वयोगटातील ५७.२ टक्के, तर १० ते १७ वयोगटातील ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी मुलांचे लसीकरण सुरू झालेले नव्हते. म्हणजेच ही प्रतिपिंडे नैसर्गिक संसर्गातून आली होती. बहुसंख्य मुलांना चाचणी वा नोंद न होताच संसर्ग होऊन गेला, असे यावरून दिसते.

जोखमीचे घटक

मोठ्यांच्या तुलनेत मुलांमध्ये गंभीर आजार व मृत्यू फारच कमी आढळतात. तथापि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सहा आफ्रिकी देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या ४६९ मुलांच्या अभ्यासात ८.३ टक्के मुले दगावली. एक वर्षाखालील वय आणि आधीपासूनचे आजार हे त्यातील प्रमुख जोखमीचे घटक होते. सातपुड्याच्या परिसरात कुपोषण व सिकलसेल या दोन बाबींना विशेष महत्त्व आहे. तीव्र कुपोषित बालकाला न्यूमोनिया होऊनही ताप येत नाही किंवा छाती आत ओढली जात नाही, असे घडू शकते. त्यामुळे आजार उशिरा लक्षात येतो. सिकलसेलग्रस्त बालकात फुप्फुसाच्या संसर्गातून जीवघेणी गुंतागुंत उद्भवू शकते.

लक्षणे व निदान

ताप, खोकला, घसादुखी, उलटी व जुलाब ही सामान्य लक्षणे आहेत. क्ष-किरण वा रक्ततपासणीची सोय नसेल तेथे शांत असलेल्या बालकाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजणे ही सर्वांत उपयुक्त तपासणी ठरते. जलद श्वासाच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत :

- दोन महिन्यांखाली : मिनिटाला ६० किंवा अधिक
- २ ते ११ महिने : ५० किंवा अधिक
- १ ते ५ वर्षे : ४० किंवा अधिक
- पाच वर्षांवरील : ३० किंवा अधिक

रक्तातील प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली जाणे, कण्हणे, अंगावर न पिणे, सुस्ती अथवा झटके ही धोक्याची चिन्हे असून बालकास तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते.

संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांत बहुअवयवी दाहाचा विकार होतो. सलग ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी व रक्तदाब घसरणे ही त्याची लक्षणे डेंग्यू किंवा विषमज्वरासारखी भासतात. निदानासाठी हृदयाची सोनोग्राफी लागते व ती सहसा जिल्ह्याच्या ठिकाणीच होते.

उपचार

सौम्य आजारात पॅरासिटामॉल, पुरेसे पेय व आहार पुरतो. स्तनपान चालू ठेवावे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये मुलांसाठी रेमडेसिविरची शिफारस केली नाही आणि सौम्य आजारात स्टेरॉइड हानिकारक ठरवले. मध्यम व गंभीर आजारात प्राणवायू हाच मुख्य उपचार होय. नंदुरबार जिल्ह्याने पहिल्या लाटेपासूनच हवेतून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प उभारले. दुसऱ्या लाटेत या तयारीची देशभर दखल घेतली गेली.

शासकीय उपाययोजना

सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी ताप व प्राणवायूची पातळी तपासण्यात आली. मे २०२१ मध्ये डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचे बालरोग कृती दल स्थापन झाले. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८, तर १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले.

अप्रत्यक्ष परिणाम

अनेक मुलांना विषाणूपेक्षा सेवा खंडित झाल्याची झळ अधिक बसली. मार्च २०२० मध्ये शाळा व अंगणवाड्या बंद झाल्याने गरम ताजा आहार थांबला आणि कोरडा शिधा देण्यात आला. शिधा घरी आल्यावर तो सर्व कुटुंबात वाटला जाण्याची शक्यता असते. अंगणवाडीतील नियमित वजन-उंचीची नोंद हाच कुपोषण ओळखण्याचा मार्ग असल्याने त्यातही खंड पडला. राज्यातील ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तर पहिली ते चौथीचे वर्ग त्याच वर्षी डिसेंबरपासून सुरू करण्याचा निर्णय झाला. नियमित लसीकरण मागे पडल्याचा परिणाम २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व खानदेशालगतच्या मालेगावातील गोवराच्या उद्रेकात दिसून आला. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी राज्य शासनाने जून २०२१ मध्ये पाच लाख रुपयांच्या मुदत ठेवीची योजना मंजूर केली.