आकाशाची वेस

सुलतान बाजारातून नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, १९३३ पर्यंत हा 'रेसिडेन्सी बाजार' होता. ब्रिटिश रेसिडेंटच्या कोठीभोवतालच्या या वस्तीत निजामाचा नव्हे, रेसिडेन्सीचा अंमल चाले. पेठ ओलांडली की राज्य बदले. जमिनीवरची अशी वेस माणसांच्या अंगवळणी पडते. आकाशातली वेस मात्र दिसत नाही. ती ओलांडली गेल्यावरच तिची जाणीव होते. हैदराबादने हा अनुभव १९४८ साली घेतला.

चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या या संस्थानाला बंदर नव्हते. 'जैसे थे' करार झाला होता, पण परस्परविश्वास उरला नव्हता. बाहेरून शस्त्रे आणावयाची तर आकाशाखेरीज वाट नव्हती. ती वाट सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने काढली. लँकास्टर या बाँबफेकी विमानावरून बेतलेली 'लँकास्ट्रियन' जातीची नागरी विमाने घेऊन तो व त्याचे सहकारी १९४८ च्या उन्हाळ्यापासून कराचीहून निघत आणि बिदर, वरंगळ येथील धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवीत. सुमारे तेराशे किलोमीटरांच्या या प्रवासाचा मोठा भाग भारतीय भूमीवरून होई. उड्डाणे रात्रीची असत आणि रात्रीच्या अंधारात त्यांना अडविण्याचे साधन भारतापाशी जवळजवळ नव्हते. बिदर जिल्ह्यात तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुकेही होते. म्हणजे ही कथा मराठवाड्याचीही आहे.

कायदा स्पष्ट होता. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाचे संपूर्ण स्वामित्व दिले होते. पस्तिसाव्या कलमाने परवानगीवाचून त्या आकाशातून युद्धसाहित्य नेण्यास मनाई केली होती. तरीही विमाने येत राहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सैनिकी कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला ती संपली, तेव्हाच हा मार्ग खऱ्या अर्थाने बंद झाला. कॉटनला पुढे ब्रिटिश न्यायालयाने दोनशे पौंड दंड केला!

दंड क्षुल्लक होता; धडा क्षुल्लक नव्हता. नागरी विमानातून शस्त्रे जाऊ लागली की प्रत्येक नागरी विमान संशयास्पद ठरते, आणि संशयाची किंमत भलताच कोणी मोजतो. १९ सप्टेंबर १९६५ रोजी कच्छच्या सीमेजवळ गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे नागरी विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. आठही जण मृत्युमुखी पडले. १९८३ साली कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले व २६९ जण गेले. त्यानंतर, १९८४ साली, नागरी विमानावर शस्त्र चालवू नये असे कलम शिकागो करारात घालण्यात आले.

परंतु कलमाने क्षेपणास्त्र थांबत नाही. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे विमान पडले आणि २९८ जीव गेले. तेथील आकाश बत्तीस हजार फुटांपर्यंतच बंद होते. विमान तेहतीस हजारांवर होते. त्या दिवशी त्या प्रदेशावरून १६० प्रवासी विमाने गेली होती. पुढे डच चौकशी मंडळाने म्हटले की, हे आकाश आधीच बंद करण्यास पुरेसे कारण होते.

आकाश बंद ठेवण्याचीही किंमत असते. २०१९ साली पाकिस्तानने २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत आपली हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा वळसे घेणाऱ्या एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पुन्हा एकमेकांच्या विमानांना वाट नाकारली. बंद आकाशाचा तोटा हिशेबाच्या वहीत दिसतो. वेळेवर बंद न केलेल्या आकाशाचा तोटा घराघरांत भोगावा लागतो. म्हणूनच पहिला तोटा पाहून राज्यकर्ते व कंपन्या कचरतात, आणि दुसरा ओढवून घेतात.

आकाशाचे स्वामित्व राष्ट्राकडे, पण त्यातील धोका प्रवाशाच्या वाट्याला, अशी ही विचित्र वाटणी आहे. वेस राखण्याचा हक्क ज्याचा, वेशीवरच्या संकटाची वर्दी देण्याचे कर्तव्यही त्याचेच, हा गावगाड्यातला साधा न्याय आकाशाला अजून पुरता लागू झालेला नाही.