वाळवंटांतील आठ हेलिकॉप्टरें

युद्धांत मोहीम फसली म्हणजे पराजयाचें खापर पुष्कळदां यंत्राच्या माथीं फोडलें जातें. यंत्राला तोंड नाहीं, म्हणून दोष तेथें ठेवणें सोयीचें असतें. २४ एप्रिल १९८० च्या रात्रीं इराणच्या वाळवंटांत अमेरिकेची जी गुप्त मोहीम फसली, तिच्याविषयींही प्रथम असेंच वाटणें साहजिक होतें. परंतु त्या रात्रीची हकीकत नीट पाहिली म्हणजे निराळाच बोध होतो.

४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेहरानमधील अमेरिकन वकिलात इराणी विद्यार्थ्यांनीं काबीज केली. पुढील एप्रिलांत ५३ अमेरिकन अद्याप ओलीस होते. वाटाघाटी निष्फळ होत आहेत असें पाहून अध्यक्ष कार्टर यांनीं त्यांना बळानें सोडविण्यास संमति दिली. तेहरान समुद्रापासून फार दूर. म्हणून बेत असा ठरला कीं, शिपाई व इंधन मोठ्या विमानांनीं वाळवंटांत एका निर्जन जागीं आणावें. 'निमिट्झ' या विमानवाहू जहाजावरून आठ अवजड हेलिकॉप्टरें तेथें यावीं व शिपायांना घेऊन त्यांनीं उजाडण्यापूर्वीं राजधानीजवळ लपावें. दुसऱ्या रात्रीं वकिलातीवर छापा घालावा.

'सी स्टॅलियन' जातीचीं हीं हेलिकॉप्टरें मूळचीं समुद्रांतील सुरुंग काढण्याच्या कामाचीं. तीं मोठा भार उचलीत, लांबचा पल्ला गाठीत आणि पातीं दुमडून जहाजाच्या पोटांत मावत. कार्यास निदान सहा हवीं होतीं. दोन जादा घेतलीं होतीं.

मार्ग सुमारे ६०० मैलांचा; प्रवास काळोखांत, जमिनीलगत आणि बिनतारी यंत्रावर मौन पाळून. एकाच्या पोकळ पात्यांतील वायूचा दाब कमी झाल्याची सूचना मिळाली. पात्यास तडा गेला असावा या भीतीनें तें वाटेंतच सोडून द्यावें लागलें. पुढें सूक्ष्म धुळीचे प्रचंड ढग आडवे आले. त्यांत दुसऱ्याचीं समतोल दाखविणारीं उपकरणें बिघडलीं व तें जहाजाकडे परतलें. मुक्कामाच्या जागीं आकाश स्वच्छ होतें. परंतु मौनाच्या आज्ञेमुळें ही वार्ता त्या वैमानिकास मिळाली नाहीं. ती मिळती तर तो बहुधा पुढेंच गेला असता. उरलेलीं सहा पोहोंचलीं, पण त्यांतील एकाचा द्रवदाबाचा पंप निकामी झाला होता. पांचांवर मोहीम पुरी होणें शक्य नव्हतें, आणि तुकडीचे प्रमुख कर्नल बेकविथ यांनीं ती सोडून देण्याचा सल्ला दिला.

परततांना अनर्थ ओढवला. जागा बदलणाऱ्या एका हेलिकॉप्टरच्या पात्यांनीं धुळीचा लोट उठला, वैमानिकास दिसेनासें झालें, आणि तें इंधन भरलेल्या विमानावर आदळलें. आठ जण मृत्युमुखीं पडले. शाबूत राहिलेलीं पांच हेलिकॉप्टरें तेथेंच टाकून बाकीचे निघून गेले. सकाळीं कार्टर यांनीं सर्व जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली.

चौकशी ॲडमिरल हॉलोवे यांच्या मंडळानें केली. हेलिकॉप्टरें अधिक घ्यावयास हवीं होतीं, हें मंडळानें सांगितलें. परंतु मुख्य प्रश्न संख्येचा नव्हता. हेलिकॉप्टरें आरमाराचीं, वैमानिक बहुतेक मरीन दलाचे, शिपाई लष्कराचे, इंधनाचीं विमानें विमानदळाचीं. आणि या सर्वांनीं एकत्र येऊन संपूर्ण तालीम एकदांही केली नव्हती. धुळीच्या ढगांची माहिती हवामानखात्याच्या अधिकाऱ्यांस होती. वैमानिकांना ती दिलीच गेली नाहीं. गुप्तता शत्रूपासून राखावयाची असते; येथें ती स्वकीयांपासूनही राखली गेली.

ओलीस अखेर सुटले ते वाटाघाटींनींच, २० जानेवारी १९८१ रोजीं, ४४४ दिवसांनंतर. अमेरिकेनें मात्र धडा घेतला. रात्रीच्या उड्डाणांसाठीं स्वतंत्र वैमानिकदळ उभें राहिलें आणि १९८७ मध्यें सर्व दलांच्या खास तुकड्या एका अधिपत्याखालीं आल्या. सी स्टॅलियनच्याच घराण्यांतील 'पेव्ह लो' हेलिकॉप्टरें, रात्रीं व वादळांत वाट दाखविणाऱ्या उपकरणांसह, २००८ पर्यंत अशीं कामें करीत राहिलीं. घराणें तेंच होतें. बदलली होती ती त्यांच्यामागील माणसांची व्यवस्था.